एड्सचा तास नको, पोरगी बारावीपर्यंत वर्गात ठेवा. पटतं का?

शाहूवाडी_मास्तर
1 डिसेंबर, जागतिक एड्स दिन, आला की हायस्कुलातला कार्यक्रम ठरलेला. छातीवर लाल फीत, गावातून प्रभातफेरी, मग निबंध, आणि संध्याकाळच्या आत फोटोसकट अहवाल पंचायत समितीला. हा खटाटोप उद्या बंद केला तरी एकही लागण वाढणार नाही, असं माझं मत आहे. खेड्यात एचआयव्ही रोखायचा तर मुलीला बारावीपर्यंत शाळेत टिकवा. एड्सचा तास घेतला काय, न घेतला काय.

पुरावा बाहेरचा आहे, पण भक्कम आहे. बोट्सवानाने 1996 साली शाळांची रचना बदलून दहावीचं वर्ष कनिष्ठ माध्यमिकमध्ये आणलं. त्यामुळे पुढची पिढी सरासरी जास्त शिकली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरातल्या पंचवीसेक जणांना लागण होती, तिथे माध्यमिकच्या एका जादा वर्षामागे आठ जण कमी दिसले. धडा बदलला म्हणून नव्हे, वर्ष वाढलं म्हणून.

आपल्याकडे गळती कुठे होते? वाडीवरचं विद्या मंदिर चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढे बाजाराच्या गावचं हायस्कूल. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात झटकतो. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास पोरीच्या दप्तरात असतो, पण एसटी येते शाळा सुटल्यावर दीड-दोन तासांनी. फाट्यावरून वाडीपर्यंत अंधारात चालत येणं आलं की बाप शाळा बंद करतो, आणि घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला लागतात.

उपाय कंटाळवाणा आहे. मुख्याध्यापकांचं पत्र, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा, वाडीनिहाय मुलींची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव, एवढं एकत्र करून मे महिन्यातच आगार व्यवस्थापकांकडे द्यायचं. यादीशिवाय गेलेला अर्ज धूळ खात पडतो, कारण त्या फेरीला भारमान, म्हणजे प्रवासी, किती मिळणार हे आगाराला दिसत नाही. आणि जूनचं वेळापत्रक लागल्यावर गेलात, तर "गाडी शिल्लक नाही" हे उत्तर तयारच असतं.

समुपदेशन_कक्ष
मास्तर, गळतीबद्दल सगळं मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. बोट्सवानात चारांत एकाला लागण होती. भारतात प्रौढांमधलं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाचशेत एक. तिथे पुऱ्या समाजातच विषाणू पसरलेला, त्यामुळे शाळा सुटली की मुलगी थेट जोखमीत. आपल्या खेड्यातल्या बाईला लागण होते ती बहुतेक वेळा लग्नानंतर, नवऱ्याकडून. तुमची पोरगी बारावी झाली, एकविसाव्या वर्षी लग्न झालं, नवरा महिनोन्महिने मुंबईत खोलीवर किंवा हायवेला ट्रकवर. तिच्या गुणपत्रिकेने त्याचं वागणं कसं बदलेल? तास हवाच, आणि आधी मुलग्यांना हवा.

तासात काय सांगायचं, तर "संयम पाळा" नव्हे. तपासणीचा रॅपिड किट प्रतिपिंडं शोधतो, विषाणू नव्हे. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. आठ दिवसांत तपासून "सुटलो" म्हणणारा माणूस घरी जाऊन बायकोला धोक्यात टाकतो. पॉझिटिव्ह सांगायचं तर एका किटवर भागत नाही, तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. धोक्याचा प्रसंग घडलाच तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठून 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करता येतात, आणि पहिल्या काही तासांत सुरू झाल्या तर उत्तम. निरोध पाकिटात घालून उन्हात फिरवला, दाताने फोडला किंवा खोबरेल लावलं की फाटतो, कारण तेलाने लेटेक्स कमजोर होतं. यातली एक तरी गोष्ट प्रभातफेरीत कळते का?

पंचगंगाकाठ
दोघंबी पक्क्या घरातल्या पोरांबद्दल बोलताय. साखर कारखाने सुरू झाले की शिरोळ, हातकणंगले, कागलात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याचा अर्धा कोयता. म्हणून हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळाच्या पोरींची लग्नं उरकतात. इथं एसटीचं वेळापत्रक काय चाटायचंय?

गावाकडून निघताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यायचं, ते दाखवलं की इथल्या शाळेनं पोरगं वर्गात बसवून घ्यायचं, अशी सोय आहे. ती अडते दोन ठिकाणी. पत्रक मागायचं असतं हेच आईबापाला माहीत नसतं. आणि आई पहाटे फडात गेली की धाकटं भावंड थोरलीच्या कडेवर. बाळाला अंगणवाडीत घेतल्याशिवाय थोरली शाळेत येत नाही. पट वाढवायला गेलेल्या गुरुजींनी अंगणवाडीताईला बरोबर न्यावं, नुसती वही-पेन्सिल वाटून उपयोग नाही.

आणि ज्यांची एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, चालू आहे त्यांनी निघायच्या आधी आपल्या केंद्रात सांगायला पाहिजे. तब्येत स्थिर असली तर दोन-तीन महिन्यांचा साठा मिळतो, नाहीतर इकडच्या केंद्रासाठी पत्र मिळतं. न सांगता आलेल्याच्या गोळ्या जानेवारीत संपतात आणि एक दिवस बुडवून कोल्हापूरचा सीपीआर दवाखाना गाठायला मुकादम सोडत नाही. गोळ्या तुटल्या की विषाणू परत वाढतो, तिथं धडा आणि शाळा दोन्ही फुकट.

करवीरचा_पालक
समुपदेशन कक्षाने सांगितलेली माहिती बरोबर आहे, प्रश्न ती कोण सांगणार याचा आहे. 2007 साली किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी कार्यक्रम थांबवला. पालकांना आधी काही दाखवलं नाही की हेच होणार. आजही दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा धडा आहे, आणि तो "घरी वाचून या" म्हणून सोडला जातो हे कोण नाकारेल? ज्याला तो धडा फळ्यावर घेता येत नाही, त्याच्याकडून निरोधचं प्रात्यक्षिक कसलं मागता?

शिवाय अशा तासात एखादी मुलगी घरातल्या माणसाबद्दल काही बोलून गेली तर? पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, ते पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. किती शिक्षकांना हे सांगितलंय? हे काम आरोग्य खात्याच्या, किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकचं आणि आशाताईंचं. शाळेने शाळा करावी.

समुपदेशन_कक्ष
@करवीरचा_पालक, मैत्री क्लिनिकपर्यंत पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या पायाने किती जातो, साहेब? ओपीडीच्या बाकावर गावातलंच कोणीतरी बसलेलं असतं.

तुमचा मुद्दा पाळूनही तास होतो. आधी पालकसभा, साहित्य टेबलावर, ज्याला चाळायचंय त्याने चाळावं. मग नववीला 35 मिनिटांच्या चार तासिका, लागोपाठच्या आठवड्यांत. मुलींकडे सिस्टर, मुलग्यांकडे ग्रामीण रुग्णालयाचा समुपदेशक, आणि शेवटची तासिका सगळे एकत्र, नाहीतर "त्यांना काय सांगितलं" याचंच कुतूहल उरतं.

प्रश्नपेटीत बहुतेक शाळा चुकतात. पेटी व्हरांड्यात टांगली की चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो, म्हणून ती आठवडाभर रिकामी राहते. वर्गातच सगळ्यांना एकाच आकाराचे कागद द्या. प्रश्न नसेल त्याने पाठ्यपुस्तकातली एक ओळ उतरवायची, म्हणजे सगळ्यांचे हात सारखेच चालतात. सगळ्यांनी चार घड्या घालून टाकायचं. पेटी तिथल्या तिथे उघडायची नाही. वर्गशिक्षकानेही नाही, तो अक्षर ओळखतो. बाहेरून आलेल्या माणसाने घेऊन जायची आणि उत्तरं पुढच्या आठवड्यात. एखाद्या चिठ्ठीत अत्याचाराचा वास आला तर ती वर्गात वाचायची नाही, पुढची पावलं कायद्याप्रमाणे. डास चावून होतो का, एका डब्यात जेवून होतो का, हे प्रश्न येतातच. एक भर माझी: जोतिबाच्या यात्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदण्याबद्दलही बोला. तिथे काविळीच्या विषाणूचा धोका एचआयव्हीपेक्षा मोठा आहे, पण सुई तीच.

शिक्षणशास्त्र_राजारामपुरी
मास्तरांनी एक देश आणला म्हणून मी दुसरा आणते. पश्चिम केनियात शाळांमध्ये दोन प्रयोग झाले. एकात शिक्षकांना सरकारी एड्स अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण दिलं, ज्याचा भर संयमावर होता. मुलींच्या गरोदरपणात फरक पडला नाही. दुसऱ्यात बाहेरच्या माणसाने चाळीस मिनिटांत एकच गोष्ट सांगितली: कोणत्या वयाच्या पुरुषांत लागण किती आहे, म्हणजे पैसे खर्च करणारा मोठा पुरुष समवयस्क मुलापेक्षा जास्त धोक्याचा का. तिथे किशोरवयीन गरोदरपण 28 टक्क्यांनी घटलं. म्हणजे "तास निरुपयोगी" हेही खरं नाही आणि "तास घ्या म्हणजे झालं" हेही नाही.

आणि मास्तर, दक्षिण आफ्रिकेत शाळेत येण्यासाठी मुलींना रोख पैसे दिले, लागणीत फरक पडला नाही, कारण पैसे न मिळालेल्या मुलीही शाळेत येतच होत्या. मात्र ज्यांनी शाळा सोडली त्यांच्यात लागण जास्त दिसली. तेव्हा तुमची एसटी जिथे पोरी खरोखर गळतात त्याच वाड्यांवर फिरवा. शहरातल्या कसबा बावड्यात तिचा उपयोग नाही.

गडहिंग्लज_सिस्टर
रोखायचं कसं यावर एवढं बोलणं झालं, लागण असलेलं पोर वर्गात आहे त्याचं काय? 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. लागणीच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी चाचणी मागता येत नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. अडतं ते साध्या गोष्टीत: सगळ्या वर्गासमोर "तू दर महिन्याला सीपीआरला का जातोस?" म्हणून विचारलं जातं. रजेच्या अर्जावर "दवाखाना" एवढं पुरे, आजाराचं नाव मागू नये.

आईवडील नसतील तर त्याच कायद्याने बारा ते अठरा वयाचं समजूतदार मोठं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेशाला सही करू शकतं. शाळेच्या कारकुनाला हे माहीत नसतं, तो "मामाला आणा" म्हणतो, आणि मामा येत नाही. बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, त्यासाठीही शाळेचा दाखला लागतो. गोळ्या नीट चालू राहिल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की त्या माणसाकडून संबंधातून लागण होत नाही. म्हणजे त्या पोराला शाळेत आणि उपचारात टिकवणं हेच पुढच्या पिढीचं प्रतिबंधन आहे, मास्तर.

शाहूवाडी_मास्तर
सिस्टरांचा मुद्दा माझ्याच बाजूचा समजतो. नववीच्या मुलग्यांना चार तासिका, हेही चालेल. पण एसटीचा अर्ज आणि तासिका यांत एकालाच माणूस आणि वेळ मिळणार असेल, तर मी एसटीकडे जाईन. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यासाठी नेमायचे आहेत. त्यांच्या अकरा विषयांत प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंधही आहे. त्या दोघांवर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचं कामही आहेच.

करवीरचा_पालक
पालकसभेत साहित्य टेबलावर ठेवणार असाल तर माझा विरोध नाही. वर्गशिक्षकाने प्रात्यक्षिक करायला मात्र आहे, आणि राहील.

समुपदेशन_कक्ष
ठीक. मग व्यवहाराचं एक. सगळ्या शाळा आम्हाला 1 डिसेंबरलाच बोलावतात, त्या दिवशी एक समुपदेशक तालुक्यात चार ठिकाणी दहा-दहा मिनिटं हजेरी लावतो. जुलै-ऑगस्टचं पत्र जूनमध्येच वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला प्रत. घटक चाचणीचे दिवस सोडून मंगळवार-बुधवार मागा. आणि 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक फळ्यावर नको, मुला-मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा.