भेग दिसली की पाया आधी की पाणी आधी?

मूळ लेख:
भिंतीला तिरकी भेग गेली की पाया खालून नव्याने बांधून काढण्याचा सल्ला लगेच मिळतो, आणि तो मला घाईचा वाटतो. पाया बहुधा होता तसाच असतो, बदललेले असते ते मातीतले पाणी. फुगणारी चिकणमाती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. त्यातही घराच्या कडेची माती आधी वाळते व मधल्या भागाखालची ओलसरच राहते, त्यामुळे कोपरा खाली बसतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली, वर रुंद आणि खाली निमुळती भेग बहुधा याच खचण्याची असते. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने बसवावी, म्हणजे भेग हलली की पट्टी तडकते, आणि भेगेच्या रुंदीचे वर्षभर मोजमाप ठेवावे. कोरड्या दिवसांत उघडून ओल्या दिवसांत मिटणाऱ्या भेगेला गळके नळ आणि तुंबलेले गटार दुरुस्त करणे पुष्कळदा पुरते.

प्रतिसाद १:
असहमत. सगळी माती चिकणमाती नसते. १९६४ साली जपानमधील निइगाता येथे भूकंपाच्या हादऱ्यांनी भूजलाखालच्या सैल वाळूतील पाण्याचा दाब इतका वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटली आणि रहिवासी इमारती जवळपास अखंड अवस्थेत कलंडल्या. तिथे काचपट्टी काय सांगणार होती? पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, कठीण थरापर्यंत नेले की वरच्या मातीचे लहरी वागणे आपल्याला बाधत नाही.

मूळ लेखक:
भूकंपप्रवण वाळूबद्दलचा मुद्दा मान्य. तिथे काळजी बांधण्याआधीच घ्यायला हवी. पण ‘बाधत नाही’ हे पटत नाही. त्याच निइगातात वाळू आडवी सरकल्याने एका इमारतीचे पाइल मोडले होते, आणि ते उघडकीस आले सुमारे २० वर्षांनी, खोदकाम झाले तेव्हा. मेक्सिको सिटीत भूजलाच्या उपशाने चिकणमाती दबत गेली. खोल पायावरचा १९१० सालचा स्वातंत्र्यस्तंभ जागीच राहिला, भोवतालची जमीन मात्र इतकी खाली गेली की त्याला १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. शिवाय खचणारी माती पाइललाही खाली ओढते, म्हणजे भार वाहण्यासाठी घातलेल्या पाइलवर मातीचाच भार येतो.

प्रतिसाद २:
दोघांच्याही नजरेतून झाड सुटले. पाणी शोषते म्हणून जुने झाड तोडले, तर चिकणमाती पुढे कित्येक वर्षे ओल परत घेत फुगत राहते आणि जमीन वर उचलली जाते. पाण्यावरचा उपायही असा उलटतो.

प्रतिसाद १:
मग वर्षभर थांबण्याला निदान एक अट घाला. भेग ऋतूनुसार उघडझाप न करता एकाच दिशेने वाढत असेल किंवा दारे अडकू लागली असतील, तर वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता पायाखालच्या मातीची तपासणी करून घ्यावी.