उत्तर: झेफरवर यूएसबीतून ६ एमबीपीएसच का?
झेफर (छोट्या बोर्डांवरची ऑपरेटिंग सिस्टीम) यूएसबीवरून नेटवर्क चालवते तेव्हा यूएसबी १२ एमबीपीएसची (मेगाबिट प्रति सेकंद) असून झेडपर्फ (झेफरचं नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) ६च दाखवतो, म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी हिशेब बघा. फुल-स्पीडला (यूएसबीच्या याच १२ एमबीपीएसच्या वेगाला) एका मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ बल्क (ठोक डेटा नेणारी) पॅकेट बसतात. म्हणजे छत ९.७ एमबीपीएसचं, आणि इथरनेट-आयपीचे हेडर (प्रत्येक पॅकेटवरची पत्त्याची माहिती) त्यातच.

झेडपर्फची जोडी पीसीवरच्या आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्राम) २ शी जमते, ३ शी नाही; निम्मे लोक इथेच अडकतात. बोर्डावर ५००१ पोर्टवर यूडीपी (पोचपावती न मागणारी पद्धत) डाउनलोड लावा, पीसीवरून ४ एमबीपीएसने सुरुवात करून एकेकाने वाढवा. पॅकेट गळायला लागली की आधी लॉगिंग (नोंदी छापणं) बंद करा, मग आरएक्स बफर (आलेली पॅकेट ठेवायची जागा) वाढवा. टीसीपी (पोचपावती मागणारी पद्धत) त्यानंतरच: विंडो (पोचपावतीआधी पाठवता येणारा डेटा) छोटी असली तर पोचपावतीची वाट बघत यूएसबी रिकामी बसते.