मदत हवी आहे : आजोबांचा वस्तरा हातावरचे केस काढतो, गालावर मात्र ओढतो

मी सांगलीचा, गावभागातला. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीतल्या सगळ्या ट्रंका बुडाल्या. त्यातल्या एकीत आजोबांचा वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी जर्मनीतल्या सोलिंगन गावाचा शिक्का, मूठ काळी, आणि गंज हा एवढा. तेव्हा फडक्यात गुंडाळून ठेवून दिला. परवा कपाट आवरताना परत हाती लागला आणि डोक्यात किडा वळवळला.

रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने गंज काढला. धारेला दोन खांडे होते. सायकलवर चाक घेऊन फिरणारा धारवाला दारात आला, त्याला देणारच होतो. आईनं अडवलं, "विळी हाय का ती?" बरं झालं. चाकावर पातं तापलं असतं तर पोलादाचं पाणीच उतरलं असतं.

मग धारेचा 1000/6000 चा जोड दगड मागवला, एक बाजू भरड 1000 ची, दुसरी बारीक 6000 ची. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून घासतो. खांडे गेले. चामोटा म्हणून जुना कातडी पट्टा खिळ्याला अडकवलाय, त्यावर पाठ पुढे. पहिल्याच दिवशी टोकाशी धारेवरून वळवला आणि पट्ट्याला ही लांब चीर. आता पाठीवरून वळवतो.

हातावरचे केस सपासप निघतात. पण गालावर, कातडी ताणून, 30 अंशांच्या आसपास धरूनही खुंट उपटल्यासारखे ओढले जातात. हनुवटीचं तर विचारू नका, तुरटीचा खडा अर्धा झालाय. गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी हसून अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा दाखवला. म्हणाले, "धार लावायची पथरी वडिलांच्या धोकटीत होती, मी कधी धरली नाही." चूक दगडावर होतेय, चामोट्यावर की माझ्या हातात?

प्रतिसाद (मिरज) :
दादा, हातावरचे केस 1000 वरच्या धारेनेपण निघतात, त्यावर जाऊ नका. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्कर पेनची शाई लावा आणि 1000 वर एकदाच हात फिरवा, जोर न लावता. शाई जिथं राहील तिथं धार दगडाला लागतच नाहीये. तिथं 6000 वर कितीही घासा, उपयोग शून्य. दुसरं म्हणजे चामोटा ताणून धरा. सैल सोडला की पट्टा धारेभोवती वळतो आणि केलेली धार गोल होते. आमच्या घरी हाच धंदा होता, यासाठी लहानपणी बोलणी खाल्लीत.

प्रतिसाद (सातारा) :
अर्धं ब्लेड घाला आणि सुखी राहा की!

धागाकर्ता :
सातारकर, सलूनवाले काकापण तेच म्हणतात :)
मिरजकर, शाई टोकाकडे बोटभर राहिली. दगडावर पेन्सिलीच्या रेघा मारून तो काचेवरच्या ओल्या पॉलिश पेपरवर घासला, तर कडेच्या रेघा लगेच पुसल्या, मधल्या तशाच. म्हणजे खांडे काढायच्या नादात दगडच मध्ये खोल झाला होता. सगळ्या रेघा जाईपर्यंत सपाट केला, परत 1000, मग 6000, मग ताणलेल्या चामोट्यावर पन्नास फेऱ्या.

आज आंघोळीनंतर, खुंट मऊ असताना दोन्ही गाल केले. फक्त सुलटे हात, उलटा एकही नाही. ओढलं नाही. हनुवटी साध्या रेझरने उरकली, तिथं वस्तऱ्याचा कोन कसा फिरवायचा ते अजून कळत नाही. ते सांगा. आणि पावसाळ्यात पातं पुसून वर शिलाई मशीनचं तेल लावलं तर चालेल ना? खोबरेल थंडीत थिजतं.

प्रतिसाद (मिरज) :
तेल चालेल, पण आधी मूठ उघडी ठेवून वाळवा, बिजागरीत पाणी राहतं. हनुवटीवर पातं फिरवू नका, कातडी फिरवा. खालचा ओठ दातांवर ओढून घ्या, हनुवटी सपाट होते. मग बोटभर बोटभरच हात, वरून खाली.