गॅसच्या बिलातले एससीएम, जीसीव्ही, एमजीओ: हिशोब कसा लावायचा?

भट्टी_चाकण
हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला पाइपलाइनचा गॅस आहे. बर्नर तासाला ३ लाख किलोकॅलरीचा. बिलावर जीसीव्ही (गॅस जळून मिळणारी एकूण उष्णता) ९,२०० किलोकॅलरी प्रति एससीएम (प्रमाण घनमीटर). भागून तासाला ३२.६ एससीएम येतात, पण पूर्ण फायरिंगवर ३६ जातात. बर्नर बिघडलाय का? शिवाय मीटरच्या आकड्याच्या जवळपास तिप्पट बिलात लागतं, ते का? आणि करारातला एमजीओ म्हणजे नेमकं काय?

ज्वाला
बर्नर ठीक आहे, भागाकार चुकलाय. बर्नरची क्षमता साधारणपणे एनसीव्हीवर (निव्वळ उष्णतेवर) देतात, बिल जीसीव्हीवर असतं. मिथेन जळताना पाणी तयार होतं, ते वाफ होऊन चिमणीतून जातं आणि आपली सुप्त उष्णता घेऊन जातं. ती वजा केली की उरते एनसीव्ही. नैसर्गिक वायूत ती जीसीव्हीच्या सुमारे ९० टक्के. म्हणजे ८,२८० ने भागा: ३६.२.

दर पाहतानाही हेच. २०१४ साली सरकारने ठरवलेला देशी गॅसचा भाव जीसीव्हीवर ५.०५ डॉलर प्रति एमएमबीटीयू (उष्णतेचं एकक) होता, तोच एनसीव्हीवर ५.६१. भाव एकच, आधार वेगळा. कोटेशनमध्ये आधार लिहिला नसेल तर आधी तो विचारा. एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी, तुमच्या गॅसचे सुमारे २७.४ एससीएम. कॅटलॉगमध्ये एनएम३ असेल तर तो शून्य अंशाचा घनमीटर; १ एनएम३ = १.०५५ एससीएम.

मीटररूम
तिपटीचं उत्तर दाबात आहे. एससीएम म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार ॲब्सोल्यूटला मोजलेला घनमीटर. मीटरमधून मात्र दाबलेला गॅस जातो. गेज (हवेच्या दाबाच्या वरचा दाब) २ बार, तापमान ३० अंश धरलं तर (२ + १.०१३) ÷ १.०१३ × २८८.१५ ÷ ३०३.१५ = २.८३. कॉम्प्रेसिबिलिटीने (दाबाखाली गॅस आदर्श नियमापेक्षा थोडा वेगळा वागतो, त्याने) यात अर्ध्या टक्क्याच्या आतच फरक पडतो.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. पुणे परिसरात हवेचा दाब १.०१३ नसून ०.९५ बारच्या आसपास असतो. तो घातला की गुणक २.७७ येतो, म्हणजे २ टक्के कमी. ईव्हीसीला (मीटरचा आकडा दाब-तापमानानुसार दुरुस्त करणाऱ्या यंत्राला) ॲब्सोल्यूट, म्हणजे हवेच्या दाबासकट मोजणारा सेन्सर असेल तर चिंता नाही. गेज सेन्सर किंवा ठरावीक गुणक असेल, तर आत वातावरणाचा कोणता दाब भरलाय ते लेखी मागा. तापमानाचा प्रोब थर्मोवेलमध्ये (पाइपात बसवलेल्या त्याच्या नळीत) नीट बसलाय का, तेही बघा. बाहेर लोंबकळत असेल तर तो शेडमधली हवा मोजतो. महिन्याच्या संयुक्त रीडिंगला दुरुस्त आणि विनादुरुस्त दोन्ही आकडे लिहून घ्या. त्यांचं गुणोत्तर अचानक हललं, तर दोष तिथेच सापडतो.

करार_वाचा
एमजीओ म्हणजे किमान उचल. टेक ऑर पेचाच (उचला किंवा पैसे भरा) प्रकार. समजा डीसीक्यू (करारात ठरलेला रोजचा गॅस) १,००० एससीएम, महिना ३० दिवसांचा, एमजीओ ९० टक्के. २७,००० उचलायलाच हवेत. २२,००० वापरले तर उरलेल्या ५,००० चेही पैसे द्यावे लागतात.

खरी मेख मोजणीच्या कालावधीत असते. तिमाही मोजणीत एका महिन्याची तूट दुसऱ्यात भरून निघते, रोजच्या मोजणीत रविवारची सुट्टीसुद्धा अंगावर येते. नियोजित शटडाउनचे दिवस वजा होतात का, पैसे भरलेला गॅस पुढे मेक-अप म्हणून उचलता येतो का आणि किती मुदतीत, हे कलम सहीआधी वाचा. डीसीक्यू नेहमीच्या लोडवर ठरवा, बर्नरच्या कमाल क्षमतेवर नको.

आणि नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे. त्यावरच्या व्हॅटचं जीएसटीत क्रेडिट मिळत नाही, म्हणून फर्नेस ऑइलशी तुलना करताना व्हॅट धरूनच दर काढा.