मदत हवी आहे: एसटीपीच्या ब्लोअरला व्हीएफडी आणि डीओ सेन्सर लावलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) मी बघतो. ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत (हवा देऊन गाळातल्या जिवाणूंकडून पाणी शुद्ध करायचं), टाकीत हवा ढकलायला ट्विन लोब ब्लोअर, तळाला बारीक बुडबुडे सोडणारे फाइन बबल डिफ्यूझर. अशा प्लांटची निम्म्याच्या आसपास वीज एकट्या हवेवर जाते आणि आमचा ब्लोअर रात्रंदिवस एकाच वेगाने चालतो. सकाळी अंघोळी-धुणी जोरात असताना टाकीतला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) १ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली, आणि पहाटे तीनला मीटर बुडवून बघावं तर ६ च्या पुढे! बिल आहेच, पण अर्धवट शुद्ध झालेलं पाणी शेवटी गोदावरीकडेच जातं, त्याची मला जास्त काळजी वाटते.

डीओ सेन्सरवरून व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) चालवून पातळी २ मिग्रॅ प्रति लिटरच्या आसपास धरायची, सकाळी गरजेपुरता स्टँडबाय ब्लोअर आपोआप सुरू करायचा, असा विचार आहे. एक विक्रेता म्हणतो, वेग निम्मा केला की वीज आठव्या भागावर येते. हे सेंट्रिफ्युगल (पंख्यासारख्या फिरत्या पात्यांच्या) मशीनचं गणित झालं. लोब ब्लोअरवर पाण्याचा दाब तेवढाच राहतो, त्यामुळे वीज साधारण वेगाच्या प्रमाणातच उतरते.

ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी कृपया सांगा: ब्लोअर न तापता आणि गाळ तळाला न बसता वेग कितपत खाली नेता येतो? आणि सेन्सर ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारा) घ्यावा की मेम्ब्रेनचा (पातळ पडद्याचा)? आमच्या टाकीत काहीही बुडवलं की त्यावर लगेच बुळबुळीत थर चढतो.