बेळगावात सदाहरित डॉगवूड जगेल का?

टिळकवाडीकर: घरापुढे पूर्वेला १२ बाय १५ फूट जागा आहे. लाल माती, खाली जांभा. बारमाही हिरवं आणि फुलणारं लहान झाड हवंय. सदाहरित डॉगवूड मागवावं म्हणतोय. जगेल का? खड्डा केवढा घेऊ?

जांबोटी_परस: आधी जात विचारून घ्या. डॉगवूडच्या बऱ्याच जाती पानगळीच्या असतात. सदाहरित हवं तर कॉर्नस कॅपिटाटा, आपल्याच हिमालयातलं. गढवाल-कुमाऊंत त्याला भमोरा म्हणतात. चार पिवळट पांढऱ्या पाकळ्या दिसतात ती खरं तर पानंच, फुलं मधल्या बारीक गोंड्यात. नंतर लाल फळ धरतं, खाता येतं.

जांभ्याची आंबट माती त्याला मानवते. घात होतो एप्रिल-मेमध्ये. मुळं वरवर पसरतात, जमीन तापली की पानांच्या कडा करपतात. तुमची पूर्वेची जागा म्हणून बरी: सकाळी ऊन, दुपारी घराची सावली. खड्डा ३ फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला जांभा लागला तर पहारीने फोडाच, नाहीतर मिरगानंतर पाणी तुंबून मुळं कुजतात. आधी दोन बादल्या ओतून बघा, दोन-तीन तासांत जिरलं नाही तर तिथं लावू नका. बुंधा जमिनीपेक्षा इंचभर वर ठेवा. पाचोळा ३ इंच, पण बुंध्यापासून चार बोटं लांब.

वडगाव_शेतमळा: बोअरचं पाणी जड असेल तर सांभाळा. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं पडलं, तर चुन्यामुळे लोह मिळेना असं समजा. युरिया ओतून काही होत नाही. पावसाचं पाणी साठवून घाला. चुलीतली राख तर अजिबात नको.

खानापूर_रोपवाटिका: जगेल हो, फुलेल याची हमी कोण देणार? त्याला गार उन्हाळा लागतो. बियांचं रोप असेल तर फुलायलाच आठ-दहा वर्षं. कणकुंबीकडे असता तर लावा म्हटलं असतं. शहरात मी सीता-अशोक सुचवीन: सदाहरित, अर्धी सावली चालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल केशरी घोस, पुढे लाल होतात. उन्हाळ्यात पाणी मात्र चुकवू नका.

टिळकवाडीकर: अशोक म्हणजे तो उंच, खांबासारखा?

खानापूर_रोपवाटिका: नाही, तो वेगळा, त्याचं पान सुटं, कडा लाटेसारख्या. सीता-अशोकाच्या एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि लुळी लोंबते. पालवी बघूनच रोप उचला. भिंतीपासून ८ फूट सोडा, दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा.