वसईचा तह : राज्य त्यांनी घेतलं की आपण दिलं?

वाडेकरी :
गव्हर्नर-जनरल वेलस्लीने कपटाने मराठी राज्य गिळलं, हे शाळेपासून ऐकतोय. मला ते अर्धंच खरं वाटतं. १७९४ ला महादजी शिंदे गेले, १७९५ ला सवाई माधवराव पेशवे, १८०० ला नाना फडणवीस. मागे उरले कोण? दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे फौजेच्या पगारासाठी पुण्यातल्या सावकारांना हालहाल करून लुबाडत होता. दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. मग त्यांचे भाऊ यशवंतराव चालून आले नसते तरच नवल! २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव कोकणात पळाला, तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला. ३१ डिसेंबरला तहावर सही. यात इंग्रजांनी काय हिसकावलं?

कोकणकडा :
वा, म्हणजे वेलस्ली बिचारा बोलावलं म्हणून आला! निजामाच्या गळ्यात तैनाती फौज (फौज इंग्रजांची, खर्च त्याचा) १७९८ ला पडली, टिपू १७९९ ला गेला, १८०१ ला अर्काटच्या नबाबाचं राज्य खालसा, त्याच वर्षी अवधचा निम्मा मुलूख घशात. हे सगळं हडपसरच्या आधीचं. पेशव्यांमागेही तैनाती फौजेचा तगादा तेव्हापासूनच होता, बाजीराव टाळत होता. (हो, बाजीराव. एवढं श्रेय त्याला द्या.) घरात भांडणं कुणाच्या नसतात? इंग्लंडचा राजा वेडाच्या झटक्यांनी बेजार होता, म्हणून कुणी लंडनवर तैनाती फौज लादली?

वाडेकरी :
पण टिपूविरुद्ध १७९२ च्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने कोण होतं? आपणच ना, निजामासकट. पुढचा नंबर आपला, हे तेव्हा कळायला हवं होतं. तहाच्या अटी वाचा : किमान सहा हजार पायदळ कायमचं पदरी, त्याच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख, इंग्रजांना विचारल्याशिवाय परराज्याशी बोलणी नाहीत. यावर सही करणारा हात आपलाच.

हिशेबनीस :
तुम्ही दोघं सह्या आणि स्वभावच मोजताय. पगार मोजा. शिंद्यांच्या कवायती पलटणी उत्तम होत्या, तोफा त्याहून उत्तम. असईच्या लढाईत २३ सप्टेंबर १८०३ ला गव्हर्नर-जनरलचा भाऊ आर्थर वेलस्ली याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली-जखमी झाली, ती याच गोलंदाजांमुळे. पण पलटणींचे कित्येक अधिकारी परके. युद्ध जाहीर होताच गव्हर्नर-जनरलने शिंद्यांकडच्या इंग्रज नोकरांना इकडे या म्हणून जाहीरनामा काढला, आणि ते गेले. शिंद्यांचा सेनापती पेराँ फ्रेंच, तरी अलीगढचा किल्ला पडताच तोही इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. तिकडे कंपनी कर्जात बुडालेली असूनही तिला कर्ज मिळत होतं, हिंदुस्थानी सावकारांकडूनसुद्धा. दौलतरावांवर सावकाराने विश्वास का ठेवावा? घाटग्याचं पुणं त्यांनी पाहिलं होतं. गव्हर्नर-जनरल वेलस्लीच्या खर्चाची बोंब लंडनपर्यंत गेली, १८०५ ला त्याला माघारी जावं लागलं; पण तोवर दिल्ली, आग्रा, कटक हातचं गेलेलं.

कोकणकडा :
हे पटलं. पण हा हिशेब माझ्याच बाजूने जातो : समोर पैशाचं यंत्र होतं, एकी असती तरी फार तर वीस वर्षं लांबलं असतं.

वाडेकरी :
वीस वर्षं थोडी वाटतात तुम्हाला? १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसले लढत होते, होळकर बाजूला. मग १८०४ ला होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनची दाणादाण उडवली, तेव्हा शिंदे-भोसले आधीच तह करून मोकळे. ही दोन वर्षं एकत्र आली असती तर?

मावळतीचा :
कशी येणार? १७९७ ला पुण्यात यशवंतरावांचे भाऊ मल्हारराव (दुसरे) होळकर यांना मारलं ते शिंद्यांच्याच फौजेने, आणि त्यांचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेत. यशवंतरावांनी कुणाच्या भरवशावर फौज आणायची होती, ते वाडेकरींनी आधी सांगावं.